शब्द कानाने शोधू नका: अक्षरजुळवणीच्या खेळात या चुका टाळा

रविवारी पोहे-जलेबी आटोपली, जीरावनाची डबी पुन्हा फडताळात गेली, की रामबागेतल्या आमच्या घरी स्क्रॅबलचा पट मांडला जातो: पट्टीवरच्या सात अक्षर-सोंगट्यांतून इंग्रजी शब्द जुळवून पटावर लावायचे आणि अक्षरांच्या किमतीप्रमाणे गुण मिळवायचे. मामा, समोरच्या काकू, मी आणि कॉलेजात जाणारा भाचा. आमची इंदूरची मराठी माणसं घरात मराठी बोलतात, दाराबाहेर पडलं की हिंदी आणि ऑफिसात इंग्रजी. तीन भाषा जिभेवर खेळवणाऱ्यांना शब्दांचा खेळ जड जाऊ नये, असं कुणालाही वाटेल. पण आम्ही तिघं मोठे दोन वर्षं भाच्याकडून हरत होतो. त्याचं इंग्रजी बेताचंच आहे. कादंबरी हातात धरलेली कुणी पाहिलेली नाही. मामा इंग्रजी घेऊन एम. ए. झालेले.

मग एका पावसाळ्यात मी वहीत प्रत्येक डाव लिहून ठेवायला सुरुवात केली: कुणाकडे कोणती अक्षरं होती, काय लावलं, काय लावता आलं असतं. शब्द माहीत नव्हता म्हणून गमावलेले गुण त्यात फारच थोडे निघाले. माहीत असलेला शब्द समोर असून दिसला नाही, हीच खरी गळती.

पहिली चूक: कानाने शोधणं

एक छोटं कोडं घ्या. ‘थिंग’ आणि ‘नाइट’ या दोन शब्दांत सारखं काय? देवनागरीत पाहिलं तर एक अक्षर जुळत नाही. इंग्रजीत मात्र दोन्हींत तीच पाच अक्षरं आहेत: टी, एच, आय, एन, जी. तसंच ‘लिसन’ आणि ‘सायलेंट’चं. ‘लिसन’मधला टी आपण उच्चारतच नाही, मग कान तो शोधणार कुठून? त्याच सहा अक्षरांतून ‘टिन्सेल’ निघतो, ‘एन्लिस्ट’ निघतो, ‘इन्लेट्स’ही निघतो.

आपण बाराखडीवर वाढलेली माणसं. क ला काना का, क ला वेलांटी की. व्यंजन दिसलं की मन त्याला स्वर चिकटवून मोकळं होतं. इंग्रजी सोंगट्या समोर आल्या तरी आतल्या आत आपण त्या देवनागरीत बोलून बघतो: ‘ना... नी... नाइ... टिन...’. मामा तर चक्क पुटपुटतात. त्यामुळे जिथे तीन-चार व्यंजनं एकत्र येतात, जिथे के किंवा डब्ल्यू नुसता शोभेला उभा असतो, ते शब्द आपल्याला सापडत नाहीत. भाचा पुटपुटत नाही. त्याला शब्द ऐकू येत नाही, दिसतो.

न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स हे याचं टोकाचं उदाहरण. इंग्रजी स्क्रॅबलचं जगज्जेतेपद त्यांनी अनेकदा जिंकलं आहेच, पण २०१५ साली ते फ्रेंच स्क्रॅबलचे विश्वविजेते झाले, फ्रेंच बोलता येत नसताना. काही आठवडे त्यांनी फ्रेंच शब्दांची यादी डोळ्यांखालून घातली होती. पुढे २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही तेच केलं. शब्दाचा अर्थ नाही, उच्चार नाही, फक्त अक्षरांची रांग. हे ऐकून मामांना राग आला होता. “याला भाषा म्हणायचं?” असं त्यांनी विचारलं. भाषा नाहीच म्हणायची मामा, खेळ म्हणायचा.

मग करायचं काय? पट्टीवरच्या सोंगट्या हलवा. हात लावा. सात वेगवेगळ्या अक्षरांच्या ५०४० मांडण्या होतात. त्या मनात करणं कुणालाच शक्य नाही, पण सोंगट्या आल्या त्याच क्रमाने ठेवून त्यांच्याकडे टक लावून बसणं ही हमखास हरण्याची रीत आहे. डोळा पहिल्या क्रमाला चिकटतो आणि सुटत नाही. काकू तर अक्षरं उचलतानाच एखादा शब्द बनवून ठेवायच्या आणि मग पूर्ण पाळी त्या शब्दाला जागा शोधण्यात घालवायच्या.

हलवण्यालाही पद्धत हवी. आय-एन-जी, ई-डी, ई-आर, ई-एस-टी अशी शेपटं पट्टीच्या उजव्या टोकाला वेगळी काढा आणि उरलेल्या चार-पाच अक्षरांशी झटा. आर-ई, यू-एन, ओ-यू-टी ही डोकी डावीकडे लावून बघा. सी-एच, एस-एच, टी-एच या जोड्या जोडीनेच फिरवा. काहीच सुचलं नाही तर सातही अक्षरं ए ते झेड अशा क्रमाने लावा. स्पर्धेतले खेळाडू शब्द पाठ करतानाच असे वर्णानुक्रमे पाठ करतात, म्हणजे ए-ई-आय-एन-आर-एस-टी ही रांग दिसली की ‘रिटेन्स’ आणि ‘नॅस्टिअर’ आपोआप आठवतात.

आणि रोजचा सराव म्हणून ‘रेटिना’ घ्या. आर, ई, टी, आय, एन, ए. या सहांत सी मिळवला की ‘सर्टन’. जी मिळवला की ‘ग्रॅनाइट’. पी मिळवला तर ‘पेंटर’, एम मिळवला तर ‘मिनारेट’, के आला तर ‘केरॅटिन’, आणखी एक आर आला तर ‘ट्रेनर’, आणखी एक टी आला तर ‘नायट्रेट’, आणखी एक आय आला तर ‘इनर्शिया’. एकाचाही नाद दुसऱ्याशी जुळत नाही. दूध तापेपर्यंत असा एक-एक शब्द सोडवायचा. महिन्याभरात पुटपुटणं कमी होतं. मामांचं झालं नाही, ती गोष्ट वेगळी.

दुसरी चूक: एस आणि कोरी सोंगटी सुट्या पैशासारखी खर्चणं

स्क्रॅबलमध्ये १०० सोंगट्या असतात. त्यांत ई १२ आहेत, ए आणि आय नऊ-नऊ, पण एस फक्त चार. हे चुकून झालेलं नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या आल्फ्रेड बट्स या बेकार झालेल्या वास्तुरचनाकाराने हा खेळ रचला, तेव्हा त्याने वर्तमानपत्राच्या पानांवर कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून सोंगट्यांची संख्या ठरवली. एस मात्र त्याने मुद्दाम कमी ठेवले. नाहीतर प्रत्येकजण दुसऱ्याच्या शब्दाला एस लावून अनेकवचन करत बसला असता आणि खेळात दम राहिला नसता.

काकूंची लाडकी चाल नेमकी तीच. पटावर ‘कॅट’ पडलं की काकू हसत एस लावणार: ‘कॅट्स’, सहा गुण. सहा! त्याच एसचा उपयोग आपला अख्खा नवा शब्द आडवा लावून दुसऱ्याच्या शब्दाच्या टोकाला खिळवायला होतो, आणि दोन्ही शब्दांचे गुण मिळतात. शिवाय सातही अक्षरं एकदम लावली की ५० गुण जादा मिळतात, आणि असे शब्द जुळवताना एस फार कामी येतो. मुरलेले खेळाडू ढोबळ हिशोब असा धरतात: एस खर्चून मिळणारे गुण एस न वापरता मिळणाऱ्या गुणांपेक्षा आठ-दहांनी तरी जास्त हवेत, नाहीतर तो हातातच ठेवायचा. कोऱ्या सोंगटीसाठी, म्हणजे जिला कुठलंही अक्षर मानता येतं तिच्यासाठी, हाच आकडा पंचवीस-तीस धरतात. कोरी सोंगटी शून्य गुणांची असते म्हणून आमच्याकडे ती नकोशी वाटायची. अख्ख्या पिशवीत तिच्यापेक्षा मौल्यवान काही नाही.

तिसरी चूक: लावलं ते मोजलं, उरलं ते नाही

दोन वर्षं हरण्याचं दुसरं मोठं कारण हेच, असं माझी वही सांगते. आपण पाळीचे गुण मोजतो: मला २४, तुला १८, मी पुढे. पण पट्टीवर काय शिल्लक राहिलं त्याचा हिशोब कुणी ठेवत नाही. २४ गुणांचा शब्द लावून हातात यू, यू, व्ही उरले, तर पुढच्या दोन पाळ्या रडत जाणार. १८ गुणांचा लावून ई, आर, टी उरले असते, तर पिशवीतून काहीही आलं तरी चाललं असतं. वाणसामान आणताना महिन्याअखेरीचा विचार करतो तसाच इथेही पुढच्या पाळीचा विचार हवा.

साधा नियम: उरलेल्या अक्षरांत स्वर आणि व्यंजनं बरोबरीची ठेवा, शक्यतो व्यंजनं एकाने जास्त. एकच अक्षर दोनदा ठेवू नका. दोन आय हातात असतील तर पाच गुण कमी घेऊन एक आय घालवणं चांगलं. यूचा मोह धरू नका. क्यू येईल म्हणून यू जपून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. एक क्यू १०० सोंगट्यांत येणार कधी, आणि तुमच्याच हातात कशावरून?

याच चुकीची धाकटी बहीण म्हणजे बदली न करणं. हातात आय, आय, यू, यू, ओ, व्ही, डब्ल्यू आले तरी मामा पाच गुणांचा काहीतरी शब्द ओढूनताणून लावतात, कारण “पाळी फुकट घालवायची नाही”. पिशवीत सात किंवा जास्त सोंगट्या असतील तर आपली पाळी देऊन हवी तेवढी अक्षरं बदलता येतात. पाच गुणांसाठी तोच कचरा घेऊन आणखी तीन पाळ्या बसण्यापेक्षा एकदा शून्य घेणं परवडतं. मामांना हे पटायला मी त्यांच्याच तीन डावांची बेरीज वहीतून दाखवली. वही बंद करून म्हणाले, “तू हे लिहून ठेवतेस?” पुढच्या रविवारपासून बदली करायला लागले.

चौथी चूक: मोठ्या शब्दाचा हव्यास

आपल्याकडे मोठा शब्द म्हणजे विद्वत्ता. पण या खेळात दोन अक्षरी शब्द ज्याला पाठ आहेत तो अर्धी लढाई आधीच जिंकतो. भारतात स्पर्धेसाठी वापरतात त्या कॉलिन्सच्या मान्य शब्दांच्या यादीत असे १२७ शब्द आहेत. त्यांत आपला ‘ओम’ही आहे, ओ-एम. हे शब्द हाती असले की पटावरच्या शब्दाला अगदी चिकटून समांतर शब्द लावता येतो, आणि वरून खाली बनणाऱ्या प्रत्येक जोडीचे गुण वेगळे मिळतात.

एक हिशोब बघा. एक्सची किंमत ८. तिप्पट अक्षराच्या घरात तो ठेवला तर २४. आता आडवा ए-एक्स आणि उभा ओ-एक्स असे दोन शब्द एकाच वेळी होत असतील, तर २५ आणि २५, मिळून ५०. एक सोंगटी, पन्नास गुण. सात अक्षरी शब्द लावल्यावर मिळणाऱ्या बक्षिसाएवढे.

ही यादी छापून फ्रिजवर लावा. आमच्याकडे दुधाच्या हिशोबाच्या कागदाशेजारी आहे. अर्थ पाठ करायची गरज नाही, पण काहींचे माहीत असले तर लक्षात राहतात.

अडलात तर

क्यू आला आणि यू नाही: क्यू-आय हा शब्द आधी आठवा. चिनी परंपरेतली प्राणशक्ती, उच्चार ‘ची’. पटावर एक मोकळा आय असला तरी काम होतं. त्यापुढचे शब्द तर आपल्याच अंगणातले आहेत: ‘फकीर’ एफ-ए-क्यू-आय-आर, ‘कादी’ क्यू-ए-डी-आय म्हणजे आपला काझी, ‘तलाक’ टी-ए-एल-ए-क्यू. उर्दूतला नुक्त्याचा क इंग्रजीत क्यू होऊन बसला आहे हे एकदा ध्यानात आलं की इंदूरच्या माणसाला क्यूची भीती उरत नाही.

एकही स्वर नाही: एच-एम आणि एस-एच हे हुंकार आणि चूप बसवण्याचे आवाज चालतात. वाय असेल तर ‘मिथ’, ‘लिंक्स’, ‘जिप्सी’. सी-डब्ल्यू-एम हा वेल्श भाषेतून आलेला दरीसाठीचा शब्द आहे, उच्चार ‘कूम’. कानाने खेळणाऱ्याला तो सात जन्मांत सुचणार नाही.

नुसते स्वरच आले: ‘ऑडिओ’त चार स्वर खपतात, ‘अड्यू’तही चार. आणि दोन ए एकदम घालवायचे असतील तर ए-ए-एल. हा आपला ‘आल’, ज्याच्या मुळ्यांपासून पूर्वी कापड रंगवायला लाल रंग काढायचे ते झाड.

घरातले शब्द विसरणं ही तशी स्वतंत्र चूकच आहे. इंग्रजी खेळ म्हटलं की आपण शाळेतलं इंग्रजी बाहेर काढतो आणि राणी, राजा, साडी, रोटी, घाट, धोतर, लाख, तोळा सगळं बाहेर चपलांशेजारी ठेवून येतो. हे सगळे शब्द यादीत आहेत. तूप तर दोन तऱ्हांनी आहे, जी-एच-आय आणि जी-एच-ई-ई. फक्त स्पेलिंग आपल्या मनाचं नको. राणीला आर-ए-एन-आय चालतं, साडीला मात्र एस-ए-आर-आय, डी लावून नाही. धोतर ‘धोती’ होऊनच येतं आणि तोळा ‘तोला’ होऊन.

काही लहान चुका, पटकन

शब्दाचे गुण तिप्पट करणारं लाल घर दुसऱ्यासाठी उघडं टाकू नका. पटावर अशी आठ घरं आहेत, चार कोपऱ्यांत आणि चार कडांच्या मध्यावर, आणि एकच शब्द अशा दोन घरांवरून गेला तर गुण नऊपट होतात. त्या घराच्या शेजारी मोकळा स्वर सोडणं म्हणजे दाराला कडी न लावता गावाला जाणं.

समोरच्याने लावलेला शब्द खोटा वाटला तर हरकत घ्या. घरच्या खेळात लाजेमुळे घेत नाही आपण, वडीलधाऱ्यांना कसं विचारायचं म्हणून. स्पर्धेत खोटा शब्द बिनदिक्कत लावून बघणं नियमात बसतं. पण रागाने घेऊ नका. आंतरराष्ट्रीय नियमांत चुकीच्या हरकतीचे पाच गुण जातात, अमेरिकी नियमांत तर पाळीच जाते.

घड्याळ लावून खेळा. स्पर्धेत प्रत्येकाला पूर्ण डावासाठी २५ मिनिटं असतात, वर प्रत्येक मिनिटाला दहा गुण कापतात. आमच्याकडे मामा एका पाळीला तेवढी घेत.

शब्द शोधून देणारं ॲप डावानंतर उघडा, डाव चालू असताना नाही. आणि उघडलंच तर आपलं उत्तर आधी कागदावर लिहून मगच. नाहीतर बोट शिकतं, डोळा शिकत नाही.

आणि मराठीत खेळणार असाल तर

मराठीत अक्षरं उलटीसुलटी करण्याचा आपला सर्वांत जुना धडा वाल्या कोळ्याचा. ‘मरा मरा’ म्हणता म्हणता राम. त्यातच या खेळाचं मुख्य भांडणही लपलेलं आहे: काना अक्षराला चिकटलेला मानायचा की सुटा? चिकटलेला मानला तर ‘रा’ आणि ‘म’मधून ‘राम’ आणि ‘मरा’ एवढंच निघतं. सुटा मानला तर र, म आणि काना यांतून ‘राम’, ‘मरा’, ‘मार’ आणि ‘रमा’ निघतात. ‘खरा’चा ‘राख’ होतो, ‘खार’ही होतो. ‘काम’चा ‘मका’ होतो. ‘नवरा’चा ‘वानर’ होतो, आणि हे काकूंना कळल्यापासून त्या दर रविवारी तो लावायला टपलेल्या असतात.

दोन्ही तऱ्हा चालतात, पण डाव सुरू व्हायच्या आधी ठरवा. आम्ही ठरवलं नव्हतं, आणि एका डावात जोडाक्षर अर्धं मोजायचं की पूर्ण यावरून चहा गार झाला. काना-मात्रा नसलेल्या शब्दांना हा वाद लागत नाही. नवशिक्यांनी तिथूनच सुरुवात करावी: मगर–गरम, कमल–कलम, रसद–सदर, खबर–बखर. शेवटची जोडी माझी आवडती.

इंदूरात दुसरं भांडण ऱ्हस्व-दीर्घाचं. दुकानाच्या पाट्यांवर, बसवर, शाळेच्या भिंतीवर आयुष्यभर ‘शक्ति’ आणि ‘कवि’ वाचलेले, कारण हिंदीत ते तसेच लिहितात. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, म्हणून ‘शक्ती’ आणि ‘कवी’. भाच्याने पहिली वेलांटी लावली, मामांनी हरकत घेतली, भाचा म्हणाला बाहेर जाऊन कुठलीही पाटी बघा. मामा खरंच चप्पल घालायला निघाले होते. एक मराठी शब्दकोश पटाशेजारी ठेवा आणि तोच अखेरचा माना, पाटी नाही.

सोंगट्या घरी करणार असाल तर आमची चूक करू नका. पुठ्ठ्याचे चौकोन कापून आम्ही प्रत्येक अक्षराचे चार-चार केले, क ते ज्ञ, सगळ्यांना समान न्याय. दुसऱ्या पाळीतच काने संपले, र आणि त संपले, आणि प्रत्येकाच्या पट्टीवर ङ, ञ, ऋ, झ घेऊन सगळे एकमेकांकडे बघत बसले. मग बट्सने केलं तेच केलं. मराठी वर्तमानपत्राचं एक पान घेऊन काकू आणि मी दुपारभर काड्या मारत बसलो, कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजत. त्या प्रमाणात नवे चौकोन कापले. ङ आणि ञ पूर्ण काढून टाकणार होतो, पण मामा ऐकेनात. एकेक ठेवला आहे. मामांच्या हाती आला की ते बदली करतात.